आमचा अवरमीटर

घरचा ट्रॅक्टर मीच सांभाळतो, असं मी पारावर ठणकावून सांगतो. ते खोटंही नाही. बॉनेटवर 'खान्देशचा राजा' रंगवून घेतलं मी, टेप बसवला मी, आरशांना गोंडे बांधले मी. ऑइल, ग्रीस, पाणी ही किरकोळ खाती आबांकडे आहेत.

वैशाखात पऱ्हाटीच्या रानात रोटाव्हेटर घातला की जो धुरळा उठतो, तो निम्मा एअर क्लीनरच्या वाट्याला. त्याच्या खालच्या वाटीत तेल असतं. हवा तेलावर आपटते, माती खाली बसते, स्वच्छ हवा इंजिनात जाते. आबा रोज सकाळी वाटी उघडून तळाशी बोट घालतात. अर्धं पेर गाळ लागला की वाटी डिझेलने धुवायची आणि नवं तेल बरोबर खुणेपर्यंत ओतायचं. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं. मीही एकदा हौसेने ग्रीसगन घेऊन पुढच्या एक्सलखाली वाकलो. सालदार तोंड फिरवून हसत होता. आबा म्हणाले, "भाऊ, पहिले गॉगल काढ, मंग निपल दिखी!"

माझा जीव आहे तो अवरमीटरवर. मोटारसायकलचं वय किलोमीटरमध्ये, ट्रॅक्टरचं तासांत. दर २५० तासांनी इंजिन ऑइल बदलायचं. पण जुना केबलवाला मीटर घड्याळाला विचारत नाही, तो इंजिनाचे फेरे मोजतो. इंजिन ठरल्या वेगाने पळालं तरच त्याच्या लेखी पुरा तास. टपरीपुढे नुसतं धुकधुकत ठेवलं, तर तासाचा अर्धा तासही पदरात पडत नाही. काय न्यायबुद्धी! हा मीटर सोसायटीच्या मीटिंगला लावावा, लग्नातल्या आशीर्वादपर भाषणांना लावावा. माझ्या कमरेला लावला तर आखाजीपासून पोळ्यापर्यंत आकडा जेमतेम हलेल, आणि माझं ऑइल बदलायची पाळी थेट नातवावर येईल.

आबांना लावला तर? इथे मला विनोद सुचत नाही. ते चाकाशी उकिडवे बसतात आणि उठताना मडगार्ड धरतात. हल्ली दोन्ही हातांनी. गुडघे दाखवायला धुळ्याला चला म्हटलं की एकच उत्तर, "कापूस इकाई जाऊ दे." कापूस विकला जातो. पैसा हप्त्याला जातो, बियाण्याला जातो. गुडघे पुढच्या हंगामावर. ऑइल बदलायला २५ तास उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस स्वतःला वर्षानुवर्षं तसाच हाकतो, याचा मला खरोखर संताप येतो.

म्हणून येत्या सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवलाय. आबांना सांगितलंय, डिझेल फिल्टर आणायला जायचंय, तुमच्याशिवाय मला दुकानदार गंडवेल. हे त्यांना लगेच पटलं. वाचकांत कोणी आमच्या गावचं असेल, तर सोमवारपर्यंत कृपा करून गप्प राहा.