सिस्टिम अ‍ॅडमिन साहेबांस अनावृत पत्र



पत्रास कारण की, गेल्या सोमवारी पत्रलेखकाने साहेबांच्या हुकमानुसार पासवर्ड बदलला. ४५ दिवस भरले होते. विंडोजने नवा पासवर्ड गोड मानून घेतला. लिनक्स सर्व्हर जुनाच मागत राहिला, कारण त्याची खातेवही वेगळी. आणि खिशातला मोबाइल? तो ऑफिसच्या वायफायला इमानेइतबारे जुना पासवर्ड पाठवत बसला. पाच चुका झाल्या, खाते लॉक. गुन्हा खिशाने केला, शिक्षा मालकाला.

मदतकक्ष म्हणाला, "तिकीट टाका." तिकीट टाकायला लॉगिन लागते! शेवटी शेजारच्या सहकाऱ्याच्या खात्यातून टाकले. दुपारी खाते उघडले आणि सोबत ताकीद आली: दुसऱ्याचे खाते वापरणे हा शिस्तभंग आहे.

लॉगिनच्या नावातले लहान-मोठे अक्षर विंडोजला चालते, लिनक्सला चालत नाही, हे सोडून देऊ. लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉस या पहारेकऱ्याला ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव आहे. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तो घरच्यांवरही भुंकतो, तेही सोडू.

पण हे ४५ दिवसांचे व्रत कशासाठी? अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेसाठी २००३ मध्ये पासवर्डचे नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याचा पश्चात्ताप बोलून दाखवला. त्याच वर्षी निस्टने सांगितले, कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारशींतून ही अट काढली. इथे मात्र 'गणपती-११'चा 'गणपती-१२' होतो आणि चिठ्ठी कीबोर्डखाली जाते. याला सुरक्षा म्हणायचे? हा निव्वळ छळ आहे!

मंगळवारी रात्री साडेनऊला पत्रलेखक विसरलेला डबा न्यायला परतला, तर साहेब एकटेच बसलेले. नोकरी सोडून गेलेल्या एकाचे नाव चार याद्यांतून हाताने काढत होते: विंडोजची खातेवही असलेली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, लिनक्स, मेल, हजेरीचे यंत्र. चहा गार झाला होता. लिनक्सला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी जोडणारी सॅम्बा, एसएसएसडी ही साधने फुकट मिळतात. ती बसवायला लागणारा वेळ मिळत नाही. साहेबांनी दोनदा हाताखाली माणूस मागितला. वरून दोन्ही वेळा उत्तर आले, "पुढच्या वर्षी बघू."

तेव्हा चार याद्यांची एक यादी होईल तेव्हा होवो. ४५ दिवसांची अट तेवढी या आठवड्यात काढावी. तिला माणूस लागत नाही, निविदाही लागत नाही.