अळ्यांचं उपोषण

नैसर्गिक उपाय सांगणारी माणसं वेगळी आणि ते करणारी वेगळी. आमच्याकडे सांगण्याचं खातं सौ.कडे आहे, कुटण्याचं माझ्याकडे. ‘घरात एकही विष नको’ असं तिने जाहीर केलं तेव्हा मी मुकाट मान डोलावली, कारण मुद्दा बिनतोड होता. संडासाचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एकाच फळीवर खेटून उभं होतं. ही दोघं एकत्र आली की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात तो शत्रूवर सोडायचे. आमचं बाथरूम इतकंही वाईट नाही.

त्यांच्या जागी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर आले. व्हॉट्सॲपवर या जोडीचं कोण कौतुक! एकावर एक ओतले की असा फेस उसळतो की घासण्याआधीच बेसिन लख्ख झाल्यासारखं वाटतं. पण हे लग्न नुसत्या बँडबाज्याचं. वरात संपली की मागे उरतं पाणी आणि एक निरुपद्रवी मीठ. आम्ल आणि अल्क एकमेकांना गप्प करतात, डाग जागच्या जागी. वेगळे ठेवले तर दोघंही कामाचे: सोड्याने कपातले चहाचे डाग जातात, व्हिनेगरने नळावरचे पांढरे क्षार. मी हे सौ.ला समजावून सांगितलं.

“पण मग फेस येत नाही,” ती म्हणाली.

तांब्याची भांडी लिंबू-मिठाने उजळतात, तर ओटा का उजळू नये, असं कामाच्या मावशींना वाटलं. ओटा कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की त्याची चकाकी गेली. गॅसशेजारी आता ताटाएवढा फिका गोल आहे. पूर्णपणे नैसर्गिक.

खरा रंग भरला तो कढीपत्त्याच्या कुंडीत. पानांवर चिमणीची शीट पडलीय असं वाटत होतं. चष्मा लावून पाहिलं तर शीट चालत होती. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या लहानपणी हेच सोंग घेतात. आमच्या फोडणीवर त्यांचा डोळा होता. सौ.ने निंबोळी अर्काचा हुकूम सोडला. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालायच्या, फडक्यातून गाळायच्या, थोडं साबणाचं पाणी घालायचं. ऐकायला सोपं आहे. खलबत्त्यात मात्र दर तिसरी निंबोळी टणकन उडून फ्रिजखाली जाते आणि हाताचा वास दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपल्या आधी पोचतो. कडुनिंबाच्या तेलावरचं युरोपातलं पेटंट भारतीयांनी लढून २००५ साली कायमचं रद्द करवलं. कुटता कुटता वाटलं, राहू द्यायचं होतं त्यांच्याकडेच.

फवारणी संध्याकाळची, कारण त्यातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. सकाळी सौ.ने तपासणी केली.

“मेल्या का?”

“लगेच नाही मरत. त्यांची अन्नावरची वासना उडते, कात टाकता येत नाही. मग हळूहळू...”

“म्हणजे जेवणार नाहीत, नुसत्या बसून राहणार?”

हे तिला पटेना. आमच्या घरात न जेवता बसून राहायची मुभा पाहुण्यांनाही नाही. तिने संध्याकाळी पंप स्वतःच्या हातात घेतला आणि अळ्यांबरोबर कठडा, दोरीवरचे टॉवेल आणि खालची गॅलरीही न्हाऊ घातली.

“अहो, काय फवारताय?” खालून काकांचा आवाज आला. “मी चहा पितोय!”

“घाबरू नका काका, अगदी नैसर्गिक आहे!”

खाली क्षणभर शांतता. काकांनी बहुधा घोट घेऊन पाहिला.

“मग वहिनी, त्यात जरा साखरही टाकत चला.”