गुणगुणणारी मोटर

आपल्या सोसायटीला पंप आहे, हे बहुतेकांना तो बंद पडल्यावरच कळतं. पंप बिचारा आधी महिनाभर सांगत असतो. ऐकतो फक्त वॉचमन, कारण त्याची खोली पंपाला लागून. "साहेब, टाकी पाऊण तासात भरायची, आता दीड तास लागतोय," असं तो सेक्रेटरींच्या कानावर घालतो. सेक्रेटरी मान हलवतात आणि गाडी काढतात.

खरं तर टाकी उशिरा भरणं हेच सगळ्यांत प्रामाणिक लक्षण. आवाज फसवतो. पंपात खडे खडखडल्यासारखं वाजलं की सगळे बेअरिंगवर घसरतात. पण पुष्कळदा दुखणं खाली असतं: पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबलेली असते, पंपाला पाणी पुरत नाही आणि आत वाफेचे बुडबुडे फुटून इम्पेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक) कुरतडला जातो. पाणी न पुरण्याचं दुसरं कारण म्हणजे खोली. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो. त्याचीही ताकद समुद्रसपाटीला फार तर १० मीटर, व्यवहारात ६-७. म्हणून मे महिन्यात विहिरीचं पाणी खोल गेलं की ठणठणीत पंपही आजारी दिसतो. शेतकरी अशा वेळी पंप खोलत बसत नाही, दोरखंड लावून तो पंपच विहिरीत खाली उतरवतो. शहरात मात्र आपण मेकॅनिकला फोन लावतो, आणि तो नाही म्हणत नाही.

गळतीचंही तसंच. शाफ्टभोवतीच्या ग्लँडमध्ये दोरी भरलेला पंप थेंब थेंब गळायलाच हवा. त्या पाण्यानं शाफ्ट थंड राहतो. कमिटीतला एखादा उत्साही सभासद पाना घेऊन नट आवळतो, थेंब थांबतो, आणि शाफ्ट तापून चरायला लागतो. धार लागली तर दोरी बदलावी. दोरीऐवजी मेकॅनिकल सील असलेल्या पंपाला मात्र ही सवलत नाही. तिथं गळती दिसली की सील गेलं असं समजावं.

सगळ्यांत महाग पडतं ते गुणगुणणं. सिंगल फेजची मोटर बटण दाबल्यावर फिरत नाही, नुसती हूं हूं करते. बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, काहीशे रुपयांची डबी. पण "होईल आता सुरू" या आशेवर बटण चालूच राहतं आणि थोड्याच वेळात जिन्यात करपट वास येतो. मग वायंडिंग नव्यानं भरा, हजारोंचं बिल, आणि खर्च कुणी मंजूर केला यावर भांडण.

तेव्हा मोटर गुणगुणली की आधी बटण बंद करा. भांडण सर्वसाधारण सभेत करता येईल.