वीज नसता विद्या: किला गेट मुक्कामीच्या पालकांस मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका ग्वाल्हेर शहराच्या किला गेट भागात वास्तव्य करणाऱ्या, आणि ज्यांच्या मुलांचे दप्तर पाठीवरून उतरून मोबाइलमध्ये जाऊन बसले आहे अशा समस्त कुटुंबांच्या उपयोगार्थ सिद्ध केली आहे. मार्च 2020 मध्ये शाळांची कवाडे बंद झाली, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवरून धडे पाठविण्याचा ‘डिजिलेप’ नामक उपक्रम मध्य प्रदेशात सुरू झाला, आणि पुढे यथावकाश कवाडे उघडली तरी गृहपाठ, सूचना, प्रकल्प, अधूनमधूनचे ऑनलाइन तास आणि गुरुजनांचे हुकूम मोबाइलमधून बाहेर पडावयास राजी झाले नाहीत. विद्येचा हा नवा कारभार ज्या विजेच्या भरवशावर चालतो, तिच्या स्वभावाचा विचार कारभाराची आखणी करणाऱ्यांनी केल्याचे दिसत नाही. सबब ती उणीव भरून काढण्याचे दायित्व आम्ही पत्करीत आहोत.

कलम 1. वीज जाण्याचे प्रकार ओळखणे

वीज जाण्याचे मुख्य प्रकार चार. पहिला घोषित: अमुक फीडरवर देखभालीचे काम असल्याने पुरवठा बंद राहील असे वर्तमानपत्रात छापून येते, यात वीज जाण्याची वेळ तंतोतंत पाळली जाते, परत येण्याच्या वेळेस मात्र शुभेच्छा समजावे. दुसरा अघोषित: मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, गल्लीतील यच्चयावत कूलर एकाच मुहूर्तावर चालू होतात आणि ट्रान्सफॉर्मर प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर जातो. तिसरा आंधीचा, ज्यात झाडाची फांदी आणि तार यांचा संगम होतो. चौथा आणि सर्वांत कपटी प्रकार म्हणजे कमी दाबाचा: दिवा मिणमिणतो, पंख्याची पाती मोजता येतात, मोबाइलवर चार्जिंगची खूण झळकत राहते आणि टक्के मात्र उतरत जातात. पहिल्या तीन प्रकारांत ‘लाइट गेली’ असे सत्यास स्मरून कळविता येते. चौथ्यात तेवढाही आधार उरत नाही.

‘तुमच्याकडे फार लाइट जाते हो!’ असे पुण्याच्या नातलगांनी म्हटल्यास खजील होण्याचे कारण नाही. 30 जुलै 2012 रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही 400 किलोव्होल्टची वाहिनी ट्रिप झाली आणि तिच्या पाठोपाठ दिल्लीसकट अवघा उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास त्याच वाहिनीपासून पुन्हा प्रारंभ झाला, आणि या खेपेस उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळून साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. जगातील सर्वांत मोठ्या वीजखंडनाच्या चौकशी अहवालात ज्या शहराचे नाव अग्रभागी येते, तेथील मुलाचा गणिताचा एक तास बुडाला तर त्यात नवल ते काय? परंतु शाळेच्या हजेरीपटात या ऐतिहासिक वारशाची नोंद करण्यासाठी रकाना नसतो, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.

कलम 2. साधनसामग्रीची तजवीज

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सूरजकुंडापासून जौहरकुंडापर्यंत जे जलाशय भरलेले असत, त्यांतले पाणी वेढा पडल्यावर कामी येई. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी विजेच्या बाबतीत हेच धोरण ठेवावे. वीज घरात असेल तोवर जे जे भरता येईल ते भरावे: मोबाइल, पॉवरबँक, चार्जिंगची टॉर्च, आणि स्फोट होणार नाही अशी खात्री असल्यास मामांनी दिलेला जुना फोनही. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आणि ‘दीक्षा’ अ‍ॅपवरील धडे रात्री, नेट मोकळे असताना, उतरवून घ्यावेत. त्यासाठी घरातील कोणीतरी जागावे लागते; हे काम शिरस्त्याप्रमाणे आईकडे जाते, आणि सकाळी ‘आई, धडा अर्धाच उतरला’ ही फिर्यादही तिच्याच दरबारी दाखल होते.

कलम 3. इन्व्हर्टरची वाटणी

ज्या घरी इन्व्हर्टर आहे त्या घरी विजेचा प्रश्न सुटतो आणि वाटणीचा उपस्थित होतो. 12 व्होल्टांची, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री 1800 वॅट-तास वीज साठविते. हाती येते ती त्याहून कमी, आणि बॅटरी उतारवयाची असल्यास फारच कमी. राउटरला 10 वॅटच्या आसपास लागतात, एलईडी दिव्यास 9, लॅपटॉपला 50 आणि कूलरला दीडशे ते दोनशे. अर्थात राउटर आणि दिवा एवढ्यांच्याच हवाली केल्यास हीच बॅटरी दिवस मावळेपर्यंत विद्यादान करून वर शिल्लक ठेवील. कूलर जोडताच दुपारच्या चहापूर्वी मामला आटोपतो.

आता मे महिन्याच्या दुपारी आजोबांचा कूलर बंद करून नातवाचा राउटर चालू ठेवावा, असा निवाडा कोण देणार? जहागिरीच्या वाटण्यांचा पिढीजात अनुभव असलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घराण्यांनीही येथे हात टेकावेत. आमची शिफारस अशी की, कुटुंबाची सभा भरवून लेखी फर्मान काढावे: वर्ग चालू असेतो राउटर, वर्ग संपताच कूलर, आणि आत्यांची मालिका वीज येईपर्यंत तहकूब. फर्मानाची एक प्रत इन्व्हर्टरवर डकवावी. ते अमलात येणार नाही; परंतु भांडणास कागदाचा आधार प्राप्त होईल.

कलम 4. नेटच्या शोधार्थ प्रस्थान

मोहल्ल्याची वीज गेली की घराघरांतील वाय-फाय एकदम मूक होते, सगळे एकाच क्षणी मोबाइलच्या डेटाकडे धावतात, आणि जो टॉवर स्वतःच बॅटरीवर अथवा डिझेलच्या जनित्रावर दिवस कंठीत असतो त्याच्यावर अवघ्या वस्तीचा भार पडतो. अशा समयी विद्यार्थी प्रथम गच्चीवर आणि मग किल्ल्याच्या वाटेवर दृष्टी टाकतो.

आलमगिरी दरवाजातून शिरून, गुजरी महाल मागे टाकून, फोन उंच धरीत चढण चढू लागल्यास वाटेत एकाच दगडातून कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. तेथील इ. स. 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेची 270 हात ही लांबी आणि रोजच्या 50 माळांचा हिशेब अंकांत नोंदला असून, त्या दोन्ही संख्यांतील शून्य आज आपण काढतो तसेच वाटोळे आहे. भारतातील अतिप्राचीन शून्यांपैकी हे एक. येथवर पोहोचेतो बॅटरीचे टक्केही बहुधा त्याच अंकाशी एकरूप झालेले असतात. गणिताचा तास हुकला तरी गणिताच्या इतिहासाचा तास घडला, असे मानून विद्यार्थ्याने समाधानाने उतरावे.

नेट आहे परंतु आवाज तुटतो, असा विकार असल्यास हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी जावे. तेथील चिंचेची पाने चघळल्याने गळा गोड होतो, ही गवयांची श्रद्धा प्रसिद्ध आहे. मायक्रोफोनवर तिचा प्रयोग अद्याप व्हावयाचा आहे.

कलम 5. हजेरी, पुरावा व अर्ज

वर्गातून अकस्मात अंतर्धान पावलेल्या विद्यार्थ्याकडे पुरावा मागण्याची पद्धत पडली आहे. विझलेल्या दिव्याचे छायाचित्र पाठविल्यास बटण बंद करून काढले असावे असा संशय येतो. अंधाराचे पाठविल्यास काळा चौकोन उमटतो, जो कोणत्याही गावचा असू शकतो. आणि दोन्ही पाठविण्यास नेट लागते, जे नाही म्हणूनच पुरावा द्यावयाचा असतो. तेव्हा दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने रीतसर पंचनामा करून, वीज आल्यावर पुढीलप्रमाणे अर्ज रुजू करावा:

‘मेहेरबान वर्गशिक्षिका बाईसाहेब यांचे सेवेशी. इयत्ता सातवीतील आज्ञाधारक विद्यार्थ्याचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. आज अपूर्णांकांचा भागाकार अर्ध्यावर आला असता लाइट गेली, ती सायंकाळी आली. मधल्या अवधीत अपूर्णांक अपूर्णच राहिले. गैरहजेरी विद्यार्थ्याची नसून विजेची होती, हे मनास आणून हजेरी कायम करण्याची मेहेरबानी व्हावी. कळावे, लोभ असावा.’

या अर्जास बहुधा अंगठ्याचे चित्र उत्तरादाखल येते. मंजुरी मिळाली की केवळ पोच मिळाली, याचा उलगडा वार्षिक निकालात होतो.

कलम 6. कंदिलाच्या दाखल्यास उत्तर

‘आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो!’ हे वाक्य प्रत्येक वीजखंडनात वडीलधाऱ्यांच्या मुखातून निघतेच, आणि ते खोटे नसते. त्याचा प्रतिवाद करण्यापूर्वी मुलाने आजोबांच्या पाया पडावे, आणि मग अदबीने निदर्शनास आणावे की कंदील विझला तरी त्यांचे पुस्तक मिटत नव्हते, फळा पुसला जात नव्हता, मास्तर अदृश्य होत नव्हते आणि हजेरीचे रजिस्टर शाळेच्या कपाटात सुखरूप असे. आज पुस्तक, फळा, मास्तर, पाटी आणि हजेरी ही पाचही एकाच तारेला टांगलेली आहेत, आणि ती तार दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात आहे. कंदिलात घालावयास रॉकेल उसने मिळत असे; बारा टक्के चार्जिंग उसने देणारा शेजारी अद्याप निपजावयाचा आहे.

कलम 7. निवाडा

येथवरची सारी कलमे कसोशीने पाळणारे कुटुंब आम्हांस आढळलेले नाही, आणि पाळली तरी विद्यार्थी वेळेवर गृहपाठ सादर करील याची हमी आम्ही घेत नाही; कारण ज्या कारभारात पुरवठ्याची जबाबदारी एका दप्तराची, वेळापत्रक दुसऱ्याचे आणि दंड मात्र तिसऱ्या इयत्तेतील मुलीस, तेथे पालकांच्या तजविजीस मर्यादा आहेत. उपाय अज्ञात आहेत असेही नाही. 2020 मध्येच मध्य प्रदेशात आकाशवाणीवरून ‘रेडिओ स्कूल’ ऐकविले गेले, आणि ट्रान्झिस्टर दोन सेलांवर चालतो. त्याच वर्षी पदवीच्या अंतिम परीक्षांत विद्यार्थ्यांनी घरी बसून कागदावर उत्तरे लिहिली आणि नेमून दिलेल्या केंद्रांवर जमा केली. पदवीच्या परीक्षेस जी मुभा चालली, ती चौथीच्या निबंधास न चालण्याचे कारण नाही.

म्हणून मुख्याध्यापकांस व वर्गशिक्षकांस, ज्यांच्या स्वतःच्या घरची वीजही जाते, आमचे निवेदन एवढेच: धडा आदल्या रात्री पाठवावा, गृहपाठास दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत मुदत द्यावी, वहीत लिहून आणलेले उत्तर अपलोड केलेल्या उत्तराइतकेच ग्राह्य धरावे, आणि विजेची गैरहजेरी मुलाच्या नावावर मांडू नये.