वेताळाचा मामा

माझी तक्रार रक्तपिपासूंबद्दल नाही. आमच्या रोहिणखेड गावाला रक्त पिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. डास आहेत, गोठ्यात गोचीड आहे, पूर्वी खाटेत ढेकूण असत. तक्रार भाच्याबद्दल आहे. तो पुण्याहून सुटीत आला आहे आणि कादंबरी लिहितो आहे. तिच्यात व्हॅम्पायर आहे आणि तो ‘शास्त्रीय’ आहे. म्हणजे तो लोकांचं नरडं फोडतो, पण त्याला कारण असतं.

कारण शोधायची वेळ रात्री अकराची. लाइन गेलेली असते, मी अंगणात खाटेवर नुकता लवंडलेलो असतो.

“मामा, पोर्फिरिया कसा वाटतो?”

1985 मध्ये डेव्हिड डॉल्फिन नावाच्या कॅनडातल्या रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. या आजारात रक्तातलं हीम तयार होण्यात बिघाड होतो, काही रुग्णांची कातडी उन्हाने भाजते, म्हणून ते रात्री रक्त शोधत फिरत असतील. मी म्हटलं, अरे, प्यालेलं रक्त पोटात पचतं, ते शिरेत कसं चढेल? आणि आधीच आजारी असलेल्या माणसांना भूत ठरवायचं हे कुठलं शास्त्र? शिवाय उन्हाचा हा नियम सिनेमावाल्यांचा. 1897 च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो, उन्हाने मरायला तो 1922 च्या ‘नोस्फेरातू’ सिनेमापासून लागला. मे महिन्यात दुपारी घाटाखाली आम्हीही बाहेर पडत नाही. आम्हाला कोणी शास्त्रीय कारण विचारलेलं नाही.

दुसऱ्या रात्री रेबीज. 1998 मध्ये हुआन गोमेझ-आलोन्सो या स्पॅनिश मेंदूतज्ज्ञाने हा मुद्दा काढला: चावा, निद्रानाश, उजेड आणि उग्र वास सहन न होणं, आणि अठराव्या शतकात हंगेरीकडे कुत्र्या-लांडग्यांत पसरलेली पिसाळ. हे मला पटलं, तेच चुकलं. पटलं म्हटल्यावर तो रात्री दीडपर्यंत बोलला. उग्र वास सहन होत नाही म्हणून लसूण, हे त्याने तीनदा सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात आढ्याला लसणाच्या चार जुड्या टांगलेल्या आहेत, ठेचा रोज होतो. हा व्हॅम्पायर आमच्या गल्लीत शिरणारच कसा, हे मात्र त्याने सांगितलं नाही. उलट बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही, असा त्याचा नियम आहे म्हणे. आमच्याकडे दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही “या, बसा, च्या घ्या” म्हणतात. त्या बिचाऱ्याला एका संध्याकाळी चाळीस घरी जावं लागेल.

तिसऱ्या रात्री वटवाघूळ आलं, आणि इथे माझा संयम सुटला. रक्तावर जगणारी वटवाघळं अमेरिका खंडात असतात, मेक्सिकोपासून खाली. आपल्याकडे त्यांचा फक्त नावापुरता भाऊबंद आहे, तो बेडूक, उंदीर, किडे खातो. खरं रक्तपिपासू वटवाघूळ दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर मरतं. रक्त म्हणजे बहुतेक पाणीच. त्यामुळे ते एका बैठकीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पितं, आणि उडता यावं म्हणून पिता पिताच लघवी करायला लागतं. आता हिशेब कर म्हटलं. तुझा नायक सत्तर किलोचा, म्हणजे पस्तीस किलो रक्त. माणसात असतं पाच लिटर. रात्रीला सात माणसं.

“मोठ्या प्राण्याला वजनाच्या मानाने कमी लागतं, मामा.”

बरं, निम्मं धर. साडेतीन. उरलेल्या अर्ध्या माणसाला काय सांगायचं? आणि या काळ्या झग्यातल्या उमरावाला लघवीला कुठे नेणार आहेस, ते कितव्या प्रकरणात आहे? त्याने वहीत काहीतरी लिहिलं. आतून बायको ओरडली, “पयले जेवून घ्या, मंग रगत प्या!”

चावलेला माणूस व्हॅम्पायर होतो, हेही त्याला ठेवायचं होतं. 2006 मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडून ठेवला आहे: 1600 साली एक व्हॅम्पायर, महिन्याला एक चावा, की अडीच वर्षांत जगात माणूस उरत नाही. आमचं गाव तर वर्ष-सव्वा वर्षात आटोपेल. पुढे खाणार काय, गोचीड?

त्याला मग एक पडका किल्ला हवा होता. किल्ला नाही म्हटलं, 1582 ची खुदावंदखानाची मशीद आहे. लढायाही झाल्यात. 1437 मध्ये बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नासिरखानाला इथेच हरवलं, पुढे दीडेकशे वर्षांनी बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाला. एवढे लोक पडले, त्यातला एकही उठून पाणी मागायला आल्याचं ऐकलं नाही. तो हिरमुसला. मशिदीचं वर्ष तेवढं लिहून घेतलं.

खरं तर आपल्याकडे यातलं काहीच लागत नाही. आपला मुंजा पिंपळावर बसतो, देह मागे टाकून आलेला असतो, त्याला हीम नको की लघवी नको. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि नावातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. का, तर झाडाला उलटा लटकतो, बहुधा एवढ्यावरच. वेताळ रक्तासाठी मानेवर बसत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलात तर डोक्याची शकलं, आणि बोललात तर तो पुन्हा झाडावर, म्हणजे सगळं पहिल्यापासून.

काल रात्रीही लाइन नव्हती. भाचा मोबाइलच्या उजेडात खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला. कानाशी डास गुणगुणत होता. चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, नर फुलांच्या रसावर भागवतो, हे मी त्याला कुणी न विचारता सांगून बसलो होतो.

“मामा, डासाची मादी व्हॅम्पायरला चावली तर?”

मला उत्तर माहीत होतं.