घमेलं आणि हाय-फ्लो

पाऊस ओसरला की यंत्रांचे सेल्समन उगवतात. हातात टॅब, टॅबवर पिवळंधमक मशीन. ते खड्डा कापतं, झाडतं, डांबर फवारतं, खडी भरतं, वर दाबूनही देतं. ‘साहेब, एकच मशीन, सगळी कामं!’ साहेब म्हणजे डांबरीकरणाचा कंत्राटदार. त्याच्याकडे असं यंत्र वाडवडिलांपासून आहे. खडी वाहायला, माल टाकायला, सर आली तर डोक्यावर धरायला आणि जेवणाच्या सुट्टीत उपडं घालून बसायला: घमेलं. ना हप्ता, ना ऑपरेटर, ना स्पेअर पार्ट.

तरीही आता सेल्समनला चहा पाजायची वेळ आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याचा भाव ठरवून दिला. खड्ड्यापायी जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. हे पैसे पुढे दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांच्या खिशातून काढायचे. शिवाय खड्डा कळल्यावर ४८ तासांत बुजवायचा. घमेल्याचं गणित इथे बसत नाही.

तर, घ्यायचं काय? सगळी कामं करणारं म्हणून जे दाखवतात ते बहुधा छोटं लोडर असतं. कंपनी कुठलीही असो, साइटवर त्याला बॉबकॅटच म्हणतात. पुढचं अवजार बदलायचं: कधी बकेट, कधी ब्रेकर, कधी झाडू, कधी डांबर खरवडणारा ड्रम. ब्रोशरवर फोटो ड्रमचा असतो. हायड्रॉलिक तेल मिनिटाला किती लिटर वाहतं, हे मात्र शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. खरी मेख तिथेच. झाडू साध्या प्रवाहावर मजेत गरगरतो, ड्रमला बहुतेक वेळा हाय-फ्लो लागतो. पैसे वाचवायला साधं मॉडेल घेतलं की ड्रम फिरतो खरा, पण रस्त्याला नुसत्या गुदगुल्या करतो. मग तो गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली जातो आणि मशीन जन्मभर झाडू मारत बसतं.

दुसरा प्रश्न मेकॅनिकचा. होज पाइप लातूरला फुटला आणि माणूस पुण्याहून यायचा असेल, तर ४८ तास त्याच्या प्रवासातच गेले.

पण हे सगळं नंतर. खड्डा पुन्हा का पडतो, याची बरीच कारणं डंपरमध्येच थंड होत असतात. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश हवा आणि रोलर फिरवून होईपर्यंत ९० च्या खाली जाता कामा नये. नवा रस्ता करताना हे जमतं, कारण एका दमात गाडी रिकामी होते. खड्ड्यांचं काम म्हणजे इथे चार घमेली, पुढच्या चौकात सहा. पुण्यात डंपर सकाळी वाघोलीकडून वाफाळत निघतो, नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तास काढतो आणि तिसऱ्या खड्ड्यापर्यंत मालाची ढेकळं होतात. फावड्याने ती फोडायची, खड्ड्यात लोटायची आणि डंपरचंच मागचं चाक दोनदा वरून न्यायचं. याला आपल्याकडे कॉम्पॅक्शन म्हणतात!

म्हणून पहिला पैसा चकचकीत मशीनवर नको, हॉट बॉक्सवर घाला. जाड इन्सुलेशन, खाली बर्नर, थर्मोस्टॅट. दिसायला कचरापेटीचा सख्खा भाऊ, त्यामुळे उद्घाटनाला नगरसेवक मिळणार नाही. पण संध्याकाळचा खड्डाही सकाळच्या मालाइतक्याच गरम मालाने भरता येतो, आणि पावसाळ्यात त्याच पेटीतून कोल्ड मिक्सच्या गोण्याही नेता येतात. जोडीला प्लेट कॉम्पॅक्टर किंवा बेबी रोलर. गॅस, केबल आणि पाणीवाल्यांनी आलटूनपालटून खणलेले चर बुजवणं हा तर बारमाही धंदा. हातभर रुंदीच्या चरात मोठा रोलर काय दाबणार? तो दोन्ही काठांवर टेकून ऐटीत पुढे जातो, मधला माल तसाच भुसभुशीत.

इन्फ्रारेडवाल्यांचं तंत्र सुंदर आहे. जुनं डांबर जागेवर तापवायचं, नवा माल मिसळायचा, सांधा उरत नाही. अट एवढीच की खाली डांबर उरलेलं हवं आणि वर तळं नको. मुंबईत तर रस्ते धडाधड काँक्रीटचे होताहेत, म्हणजे उद्या हे यंत्र कशावर शेकायचं हेही बघायला हवं. त्यापेक्षा ब्रेकर बरा, त्याला डांबर आणि काँक्रीट सारखंच.

जेसीबी कंपनीने २०२१ मध्ये इंग्लंडात खास खड्ड्यांसाठी ‘पॉटहोल प्रो’ काढलं. खड्डा कापणं, कडा सरळ करणं, झाडणं, सगळं मिळून आठ मिनिटांत, असा कंपनीचा दावा. भरायला मात्र तिथेही माणसंच. मला हे यंत्र आवडतं, कारण आपण जे हमखास गाळतो नेमकं तेच ते करतं. खड्डा चौकोनी कापावा, कडा उभ्या असाव्यात, आत पाणी-माती नको, तळाला आणि कडांना टॅक कोट, म्हणजे डांबराचा चिकट हात, हवा, हे आपल्याही कागदांवर आहे. आपल्याकडे खराट्याचे दोन फटके आणि झारीने डांबराचा तीर्थासारखा शिडकावा.

यात दोष कंत्राटदाराचा एकट्याचा नाही. बिल निघतं चौरस मीटरवर. नीट कापलेला आणि न कापलेला खड्डा मोजमाप पुस्तिकेत सारखाच दिसतो. ज्याने हॉट बॉक्स घेतला त्याचा रेट टेंडरमध्ये चार पैसे वर जातो, आणि काम मिळतं घमेलंवाल्याला. मग टेंडरमध्येच हॉट बॉक्स आणि कॉम्पॅक्टर सक्तीचे करायला कुणी हात धरलाय?

तेही जमत नसेल तर निदान एक डायल थर्मामीटर घ्या. लांब दांडीचा, मालात खुपसायचा, सगळ्या यंत्रांत स्वस्त. साइटवर तो बाहेर निघाला की डंपरच्या ड्रायव्हरला हमखास गावाकडून फोन येतो.