श्रीमान एरर ९९ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री एरर ९९, वास्तव्य कॅमेऱ्याचा पडदा, यांसी सातारा व सांगली प्रांतींच्या समस्त छायाचित्रकारांचा कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

कॅननच्या जुन्या ईओएस दरबारात आपले बंधू एरर ०१ हे भिंग आणि कॅमेरा यांमधील दळणवळण बिघडल्याची वर्दी देतात. भिंगामागील धातूचे संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसले की बहुधा त्यांचा रुसवा निघतो. कार्ड लॉक असल्याची सूचना तर इतकी सरळ की कार्डाच्या कडेची इवलीशी खिटी सरकवताच ती अंतर्धान पावते. आपला हुद्दा मात्र, माहितीपुस्तिकेच्याच साक्षीने, वर सांगितलेल्यांखेरीज अन्य काही बिघाड, एवढाच. म्हणजे ज्या फिर्यादीस कलम सापडले नाही ती आपल्या दप्तरी दाखल, आणि तजवीज एकच : बॅटरी काढा, पुन्हा बसवा. परक्या कंपनीचे भिंग लावल्यास आपण प्रकट होण्याचा संभव अधिक, हा कुलाभिमानाचा भाग समजून आम्ही सोडून देतो.

परंतु कासच्या पठारावर, सात वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या टोपली कारवीसमोर आपले दर्शन घडावे, यात औचित्य कोणते? त्यातून गंमत अशी की, वातानुकूलित मोटारीत गारठलेला कॅमेरा पठारावरच्या दमट हवेत काढताच भिंगावर जो बाष्पाचा पडदा धरतो, त्या खऱ्याखुऱ्या अरिष्टाची दखल आपल्या खात्यातील एकही अंमलदार घेत नाही; यंत्र बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत पिशवीचे तोंड बंद ठेवा, हे सांगावयास चहाच्या टपरीवरचा कोणी अनुभवी गृहस्थच भेटावा लागतो.

इशारा कसा द्यावा हे पाहावयाचे असल्यास आपण सांगलीस यावे. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ फुटांवर गेली की धोका पातळी. कोयना धरणाचा विसर्ग वाढल्याची वार्ता सातारा जिल्ह्यातून निघाली, की ते पाणी कराडचा संगम ओलांडून येण्यापूर्वीच सांगलीकर फुटांचा हिशेब मांडून कोणते सामान माळ्यावर चढवावयाचे आणि बिऱ्हाड केव्हा हलवावयाचे, याचा निकाल लावतो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपलीकडे गेले, तेव्हाही त्या आकड्याने आपला अर्थ सोडला नाही.

सबब अर्ज असा की, शटर अडकले, वीज तुटली की भिंगाची पाती हलेनात, याचा खुलासा पडद्यावरच व्हावा. नव्या पिढीत १० पासून ८० पर्यंत निरनिराळे आकडे नेमले गेले खरे, पण पुस्तिकेने त्या सर्वांपुढे उपाय पुन्हा तोच लिहिला : बंद करून चालू करा, नाहीतर बॅटरी काढून बसवा. तूर्त त्या हुकमाची तामिली करीत आहोत. पत्राची पोच देण्यासाठी आणखी एखादा आकडा काढण्याची तसदी मात्र घेऊ नये, ही विनंती.